उपाशी पानांचा पंचनामा

सकाळचे सात. जानेवारी महिना. आदिलाबाद जिल्ह्याच्या बेला मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावाबाहेर, खडी फोडणाऱ्या क्रशरच्या कुंपणाला खेटून असलेली वांग्याची वाडी. तिथे बांधावर उकिडवा बसून मी गॅसच्या छोट्या शेगडीवर वांग्याची पानं उकळत होतो.

हसू नका. वांगी नव्हे, पानं. आणि हसण्यासारखं अजून काही घडलेलंही नाही.

समोर मंडळ कार्यालयाचे गिरदावर साहेब उभे होते. गिरदावर म्हणजे महसूल खात्याचे निरीक्षक. निजाम गेला, पण त्याची नावं आमच्या कचेरीतून गेली नाहीत. साहेबांनी कानाला मफलर असा आवळला होता की तक्रार आत शिरायला जागाच नव्हती. बाजूला क्रशरचा मॅनेजर, हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. माझ्या मागे वाडीची मालकीण वच्छलाबाई. आणि मधोमध मी, इतकी वर्षं या जिल्ह्यात लेखणी घासलेला वार्ताहर. चष्म्यावर वाफ, हातात चिमटा, आणि खिशात स्पिरिटची बाटली.

लोकांच्या फजित्या छापण्यात माझं आयुष्य गेलं. ही एक माझी स्वतःची, कुठेच छापून न आलेली. म्हटलं, तुम्हालाच ऐकवावी. चहा घ्या, पण मधे बोलू नका. मधे बोलण्यानेच माझा घात झाला, तो कसा ते कळेलच.

तर वच्छलाबाई. नवरा-बायको दोघं मिळून वांगी, मिरची, वाल काढतात. नवरा सकाळी मोटरसायकलला पोती बांधून बाजार गाठतो, बाई वाडी सांभाळते. चांगलं चाललं होतं. मग शेजारच्या पडीक जमिनीवर क्रशर आला. आला म्हणजे एका रात्रीत उगवल्यासारखा आला. कोणी परवानगी दिली, गावाला कधी विचारलं, हे सगळं मी तेव्हाच छापलं होतं. कोणी वाचलं नाही, हा भाग वेगळा.

एक दिवस बाईंचा फोन.

"भाऊ, तुमी येऊन पाहा बरं. वांग्याले फूल येऊन राह्यलं अन् गळून राह्यलं. पानावर बोट फिरवलं का पीठ निघते. गिरणीत उभं राह्यल्यावानी वाटते मले माह्याच वावरात."

मी गेलो. काय पाहिलं सांगू? वाडी नव्हतीच ती. राखाडी रंगाचं काहीतरी ओळीने उभं होतं. एकेक झाड दगडातून कोरून ठेवल्यासारखं. पानांवर भुकटीचा थर, त्यावर रात्रीचं दव पडून तो थर चिकटलेला, त्यावर पुन्हा नवा थर. कुंपणापलीकडे यंत्र दगड चावत होतं आणि त्याचा ढग सरळ वाडीवर येत होता. बाई बोलताना मधेच खोकत होत्या. खोकून झालं की वाक्य तिथूनच पुढे चालू.

"आता हे झाड जगन का, भाऊ? का उपटून टाकू?"

"उपटू नका," मी म्हटलं. "मी आहे ना!"

बघा, कसं वाक्य आहे. 'मी आहे ना!' या वाक्याने आमच्या जिल्ह्यात जितकं नुकसान केलंय तितकं टोळधाडीने केलं नसेल.

मी बातमी लावली. मग गिरदावर साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. साहेब मूळचे तेलुगू बोलणारे, माझ्याशी दख्खनी हिंदीत बोलतात, आणि कोणत्याही भाषेत हो म्हणत नाहीत.

"धूल है, मान लिया," साहेब म्हणाले. "नुकसान किधर है? पत्ता पोंछ के देखो. अंदर हरा है कि नहीं?"

"हिरवं आहे."

"तो फिर?"

आता सांगा, माझं डोकं भडकणार नाही तर काय होईल?

"साहेब," मी टेबलावर हात आपटला, "हिरवा रंग म्हणजे जेवण नव्हे, ती चूल आहे! घरात चूल आहे म्हणून भाकरी झाली असं होतं का? मुळं खालून पाणी पाठवतात. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं. आणि पानातलं ते हिरवं द्रव्य उन्हाच्या जोरावर या दोघांपासून साखर करतं. तुम्ही आत्ता जो श्वास घेताय ना, त्यातला ऑक्सिजन याच कामातून बाहेर पडलेला आहे. चुलीला जाळ पाहिजे, पानाला ऊन पाहिजे. उन्हाच्या आणि पानाच्या मधे खडीची भुकटी बसली तर? हवा आत घेणारी बारीक तोंडं बुजली तर? झाड हिरवंच्या हिरवं राहून उपाशी मरतं!"

कचेरीतले कारकून फायली सोडून ऐकत होते. साहेबांनी शांतपणे चहा संपवला.

"हौ साब, अच्छा बोले आप. मगर मैं रिपोर्ट में क्या लिखूँ? रिपोर्टर साब का भाषण हुआ? नुकसान साबित करो. साबित हुआ तो क्रशर बंद करने का कागज मैं खुद ऊपर भेजता."

बास! मला आणखी काय पाहिजे होतं? पुरावा मागणारा अधिकारी माझ्या नोकरीत मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गावच्या मराठी शाळेत रेखा मॅडम विज्ञान शिकवतात. मी तिथे जाऊन थडकलो. वर्ग अर्धा रिकामा.

"आयोडीन आहे, स्पिरिट आहे, नळ्याही आहेत," मॅडम कपाट उघडत म्हणाल्या. "मुलंच तेवढी नाहीत. कापूस वेचायला गेलीत. तुम्हाला काय पाहिजे?"

मी सांगितलं. मॅडमचा चेहरा उजळला. शाळेबाहेरच्या माणसाने प्रयोग विचारावा, असं त्यांच्याकडे बहुतेक पहिल्यांदाच होत होतं.

"सोपं आहे, सर. पान केलेल्या साखरेतली जास्तीची साखर स्टार्च करून साठवतं. बटाट्यात असतो तोच स्टार्च. आधी पान उकळत्या पाण्यात टाका. मग नळीत स्पिरिट घेऊन त्यात ठेवा. नळी थेट जाळावर धरू नका, गरम पाण्याच्या भांड्यात धरा, नाहीतर तुमचीच बातमी होईल. हिरवा रंग उतरला की पान धुवा, वर आयोडीनचे थेंब टाका. स्टार्च असेल तिथे निळंकाळं होणार. नसेल तिथे आयोडीनचा तपकिरी रंग तसाच. एक स्वच्छ पान, एक धुळीचं पान. आंधळ्यालाही फरक दिसेल."

"झालं काम!" मी बाटल्या पिशवीत टाकून उठलो.

"थांबा, एक राहिलं. पान कधी तोडायचं ते—"

"मॅडम, पुरावे गोळा करण्यात माझे केस पांढरे झाले. कधी, कुठे, कसं, हे मला शिकवू नका."

"अहो, पण ऐका तरी, सर—"

"पेपरात वाचा!"

आणि मी निघालो. हे पहिलं मधे बोलणं. लक्षात ठेवा.

आता वाडीत तयारी. अर्ध्या ओळींची पानं रोज धुवायची, अर्ध्या तशाच ठेवायच्या. वच्छलाबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला.

"पानं धुवाची? रोज? बाप्पा! माह्या लेकराइची तोंडं मी इतकी धुतली नसन."

"धुवावं लागेल, वच्छलाबाई. वरून आणि खालूनही. खालच्या बाजूला त्याची श्वास घ्यायची तोंडं आहेत."

"म्हंजे त्याचं नाक पुसाचं म्हना ना."

आणि बाईंनी खरंच धुतलं. कडाक्याच्या थंडीत हापशीचं पाणी आणून, जुन्या लुगड्याचा तुकडा भिजवून, एकेक पान तळहातावर घेऊन. संध्याकाळपर्यंत पुन्हा भुकटी. दुसऱ्या सकाळी पुन्हा धुणं. बोटांना भेगा पडल्या. मी अधूनमधून मोटरसायकलवर जायचो, बांधावरून ओरडून धीर द्यायचो आणि परत यायचो. आमच्या धंद्यात याला पाठपुरावा म्हणतात.

काही दिवसांनी बाईंचा आवाज बदलला. "भाऊ, धुतल्या ओळीतली फुलं टिकून राह्यली! बारीक वांगं धरलं पाहा!"

मी साहेबांना फोन लावला. पाहणीला या.

"आता ना साब. परसों शाम को चार बजे आता."

दुपारी चार! माझ्या मस्तकात तिडीक गेली. सरकारी माणूस चार वाजता पाहणीला येतो याचा अर्थ काय, हे मला कोणी शिकवायचं? चार म्हणजे क्रशरच्या ऑफिसात बिर्याणी झाल्यावर. चार म्हणजे मॅनेजरने यंत्र बंद ठेवून रस्त्यावर पाणी मारल्यावर. मी असल्या चार वाजता झालेल्या पाहण्यांवर लेखमाला लिहिली आहे!

"चार नाही, साहेब. सकाळी सात."

"अरे, इतनी ठंड में?"

"सरकारला थंडी वाजते, असं छापू का?"

पलीकडे चहाचा एक घोट. मग, "ठीक है. सात."

"आणि पहिला पंच मी असणार."

"आप ही रहो."

जिंकलो! दुसऱ्या दिवशी अंकात चौकटीत बातमी : 'वार्ताहराच्या आग्रहामुळे पाहणी सकाळीच होणार'. कात्रण मी स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. पुढे ते कुठे निघालं, ते सांगतो.

तर आपण होतो बांधावर. सकाळचे सात.

साहेबांनी स्वतःच्या हाताने पानं तोडली, एक धुतलेल्या ओळीतलं, एक धुळीच्या ओळीतलं. धुतलेल्याच्या देठाला मी लाल दोरा बांधला, दुसऱ्याला पांढरा. कुठेही शंकेला जागा नको. वारा असा की शेगडी सारखी विझायची. वच्छलाबाईंनी पत्र्याचा तुकडा आडवा धरला.

साहेब तेवढ्यात कुंपणाकडे बघत होते. "वो ऊपर पाइप काय का है?"

"पानी का फव्वारा, साब," मॅनेजर चटकन पुढे झाला. "धूल बैठाने के वास्ते. लगा हुआ है."

"चलता क्या?"

"साहेब!" मी ओरडलो. "पाइप काय बघता? इकडे पान बघा, पान! उकळी फुटली!"

साहेब वळले. हे दुसरं मधे बोलणं.

मी स्पिरिटची बाटली उघडली. वास पसरला.

"रिपोर्टर साब," मॅनेजर मोबाईल जवळ आणत म्हणाला, "सुबह-सुबह?"

साहेबांनी मफलर नाकावर ओढला. वच्छलाबाई हळूच कानाशी, "भाऊ, औषध हाय ना थे?"

"प्रयोगाचं आहे!" मी इतक्या जोरात म्हणालो की कोणाचाही विश्वास बसला नसता.

पण प्रयोग सुंदर चालला होता हो! नळीतलं स्पिरिट हिरवं होत गेलं, पानं फिकी पडत गेली. झाडाचा सगळा हिरवेपणा नळीत उतरून आला. मी पानं धुतली, ताटलीत पसरली. आधी पांढऱ्या दोऱ्याचं, धुळीचं पान. आयोडीनचे थेंब टाकले.

तपकिरी.

"बघा!" मी उभाच राहिलो. "हे उपाशी पान! कणभर स्टार्च नाही! साहेब, लिहून घ्या! मॅनेजर, काढा व्हिडिओ, नीट काढा!"

मॅनेजर नीट काढत होता.

मग लाल दोऱ्याचं. वच्छलाबाईंनी धुतलेलं. मी थेंब टाकले. सगळे वाकले.

तपकिरी.

आणखी थेंब. तपकिरी. चहाचा डाग पडावा तसं.

"थोडा वेळ लागतो," मी म्हणालो. वाट पाहिली. साहेबांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर दिला. पान होतं तसंच.

"दोनों सेम टू सेम," मॅनेजर म्हणाला.

"साब," गिरदावर अगदी गंभीरपणे विचारतात, "तो क्या दोनों भूखे हैं?"

"आयोडीन जुनं असेल!" मी बाटली हलवायला लागलो. "शाळेतलं आहे! सरकारी पुरवठा!"

त्यावर मॅनेजरने काय करावं? मजुरांच्या खोलीतून रात्रीचा शिळा भात मागवला. माझ्याच हातून बाटली घेऊन भातावर एक थेंब टाकला. भात क्षणात निळाकाळा, शाई सांडल्यासारखा!

"आयोडीन एकदम बढ़िया है, साब," तो म्हणाला. "दसवीं हमने भी किया है."

मी धुतलेल्या ओळीतली फुलं दाखवली, धरलेली बारीक वांगी दाखवली. मॅनेजर तयारच होता. "रोज धोने का पानी नीचे गिरा, साब. उस लाइन को पानी ज्यादा मिला. पानी से फूल आया." साहेबांनी मान डोलावली. मलाही क्षणभर ते पटलं, यासारखी लाज नाही.

आणि मग मी ते वाक्य बोललो. सगळ्यांसमोर, वच्छलाबाईंकडे वळून.

"बाई, नीट धुतली होती ना पानं?"

बाईंच्या हातातला पत्रा खाली आला.

"धुतली न, भाऊ. देवाशप्पत धुतली." त्यांनी हात पुढे केले, भेगांसकट. साहेबांपुढे, मॅनेजरपुढे, मोबाईलपुढे. "रोज धुतली न मी."

जिथे मधे बोलायला हवं होतं, तिथे माझी वाचा गेली.

पंचनामा जीपच्या बॉनेटवर लिहिला गेला, तेलुगूत. साहेबांनी भराभर वाचून दाखवला. मला तेलुगू उत्तम येतं, पण मी त्या वेळी आयोडीनच्या बाटलीचं लेबल वाचत होतो. साहेब म्हणाले, "पहला पंच?" मी म्हणालो, "मी." आणि सही ठोकली. दुसऱ्याच्या बातमीतला स्वल्पविराम न सोडणारा माणूस मी! न वाचता सही ठोकली, कारण मला तिथून पळायचं होतं.

दुपारपर्यंत व्हिडिओ मंडळातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला. त्यात मी गरजतोय, "हे उपाशी पान! साहेब, लिहून घ्या!" आणि मागून मॅनेजरचा आवाज, "दोनों सेम टू सेम." आदिलाबादच्या बस स्टँडवर चहावाल्याने मला कप देताना विचारलं, "साहेब, साखर आहे की नाही, आधी तपासून घेता का?"

मी बाटल्या परत करायला शाळेत गेलो. रेखा मॅडम फळा पुसत होत्या. व्हिडिओ त्यांनीही पाहिला होता.

"पान किती वाजता तोडलं, सर?"

"सातला."

"संध्याकाळी?"

"सकाळी."

मॅडमनी डस्टर खाली ठेवलं. वर्गात जी काही मुलं होती ती माझ्याकडे बघायला लागली.

"सर, दिवसा ऊन असतं तोवर पान साखर करत राहतं. खपते त्याहून जास्त होते, ती स्टार्च करून पानातच ठेवतं. रात्री ऊन नसतं. मग झाड तोच साठा मोडून श्वास घेतं, वाढतं, उरलेलं फळाकडे नि मुळांकडे पाठवतं. उजाडेपर्यंत पान रिकामं. तुम्ही सकाळी सातला स्टार्च शोधायला गेलात! बाजार भरायच्या आधी जायचं आणि माल नाही म्हणून बातमी द्यायची, त्यातला प्रकार झाला."

"म्हणजे... धुतलेलं पान ठणठणीत होतं?"

"ठणठणीत. फक्त नुकतंच उठलेलं."

"मग तोडायचं कधी?"

"तेच सांगत होते ना त्या दिवशी! दिवसभर ऊन खाऊ द्यायचं. दुपारी चारच्या सुमाराला तोडायचं."

"किती वाजता?"

"चार."

चार! गिरदावराने स्वतःहून दिलेली वेळ! त्या माणसाने आयुष्यात एकदा बरोबर वेळ दिली, अजाणता का होईना, आणि ती मी भांडून, धमकी देऊन, चौकटीत छापून बदलून घेतली.

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही वाडीत गेलो, मी आणि मॅडम. तीच शेगडी, तोच पत्रा, तेच दोरे, पानं नवी; मफलर तेवढा नव्हता. धुळीचं पान तपकिरीच राहिलं, कुठे भुकटी झडली होती तिथे दोन-चार गडद ठिपके. आणि लाल दोऱ्याचं पान? थेंब पडला आणि ते काळंनिळं होत गेलं. देठापासून टोकापर्यंत. दौतीत बुडवून काढल्यासारखं.

वच्छलाबाईंनी ते पान उचलून तळहातावर घेतलं. उलटून खालची बाजूही पाहिली.

"म्हंजे मी धुतलं होतं."

"धुतलं होतं, वच्छलाबाई."

"मंग त्याइले सांगा न."

मी ताटलीसकट कचेरीत गेलो. साहेबांनी पान पाहिलं. खोटं कशाला सांगू, नीट पाहिलं.

"अच्छा है," ते म्हणाले. "मगर पंचनामा हो गया. ऊपर चला गया. दुबारा करना है तो पहला पंच लिख के देना, कि मैंने गलत पंचनामे पे दस्तखत किया. लिख के देते क्या?"

"तुम्ही सकाळी सातला पाहणी केलीत! ती चुकीची वेळ होती!"

साहेबांनी टेबलाच्या काचेखालून एक कागद ओढला. माझं कात्रण. चौकटीसकट. 'वार्ताहराच्या आग्रहामुळे'.

मग त्यांनी पंचनाम्याची प्रत पुढे केली. मी ती पहिल्यांदाच वाचली. दोन्ही पानांत फरक आढळला नाही. आणि त्याखाली आणखी एक ओळ : धूळ बसवण्यासाठी पाण्याची फवारणी चालू आहे.

"हे कोणी लिहिलं? फवारणी चालू?"

"पाइप था ना ऊपर."

"पाणी होतं?"

"मैं वही पूछ रहा था, साब," गिरदावर म्हणाले. "आप बोले, पत्ता देखो."

मी तडक क्रशरवर गेलो. कुंपणाबाहेरून त्या फवाऱ्याच्या नळीचा माग काढत चाललो. नळी कुंपणावरून गेली, यंत्राच्या मागे वळली, बाभळीच्या खोडाला तारेने बांधलेली होती, आणि तिथेच संपली. टाकी नाही, मोटर नाही, पाणी नाही. नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, तेही वाळून भेगाळलेलं. आयोडीन नको होतं, स्पिरिट नको होतं, बाईंची बोटं फोडायला नको होती. नुसतं नळीमागे चालत जायचं होतं. तेवढ्याचाच तर मला पगार मिळतो!

बातमी लिहिली. संपादकांचा फोन आला. "फार जोरदार आहे. फक्त एक सांगा, त्या पंचनाम्याखाली सही कोणाची?" बातमी लागली नाही. चूक झाली असं कचेरीला लिहून दिलं, त्याची पोचही आली नाही.

मॅनेजरने पंचनाम्याची प्रत काचेत बसवून ऑफिसात लावली आहे. कोणी तक्रार घेऊन गेलं की तो अदबीने बोट दाखवतो, "रिपोर्टर साब खुद देखे, जी."

वच्छलाबाईंच्या धुतलेल्या ओळी आता इतर ओळींसारख्याच राखाडी आहेत. परवा गेलो तेव्हा त्या झाडं उपटत होत्या. मला पाहून थांबल्या नाहीत.

"आता कायले धुवू, भाऊ? कोनाले दाखवाले?" आणि मग, मुळाची माती झटकत, "तुमी सही कराची इतकी घाई काऊन केली?"

मी मोटरसायकल वळवली आणि घरी येऊन कागद पुढे ओढला.

त्या पंचनाम्याशी संबंध असलेल्या सगळ्यांकडे मी लेखी विचारणा केली आहे. एकच प्रश्न : पाण्याची फवारणी चालू आहे असं पंचनाम्यात लिहिलंय, ती चालू असलेली पाहिली कोणी? मॅनेजरने उत्तर दिलेलं नाही. गिरदावर साहेबांनी दिलेलं नाही. पहिल्या पंचाने तर अजिबातच दिलेलं नाही.